टेकडीच्या शहाण्या पायऱ्या

या पायऱ्यांनी माणसामाणसांतली विषमता संपवली, असं टेकडीखालच्या फलकावर कोरलं होतं. प्रत्यक्षात चाकाची खुर्ची आली की पायऱ्या जमिनीत बसून सलग चढण होई. खुर्ची माथ्यावर पोचली की त्या पुन्हा वर येत.

पहिल्याच संध्याकाळी वत्सला केंजळे चाकाच्या खुर्चीतून पायथ्याशी पोचली, तर सोसायटीतले अकराजण गुडघे चोळत तिचीच वाट पाहत होते.

"वत्सलाताई, तुमच्या मागोमाग आलो तर चालेल ना?" मोहोळकरांनी विचारलं.

"वीस वर्षं इथे फिरायला येताय. मला कधी बोलावलं नाहीत."

"अहो, तेव्हा गुडघे शाबूत होते."

"या. पण खुर्ची कोणी ढकलायची नाही."

ज्या गॅलरीतून ती इतकी वर्षं टेकडी बघत आली, ती गॅलरी तिनं माथ्यावरून पोटभर बघितली. खाली उतरायलाही तिचीच खुर्ची हवी होती, म्हणून बाकीचे ताटकळत उभे राहिले. माथ्यावर बाक नव्हता.