कमी खटपटीची वाट

नागपूरच्या विणकर सोसायटीत शालिकराम एकटाच कारकून, आणि बायको-लेकरं तिकडे उमरेडला. बाहेरगावी धाडलेल्या लुगड्यांचे पैसे पार्सल सोडवताना पोस्टात भरायची व्ही.पी., बँकेचा ड्राफ्ट आणि मनिऑर्डर अशा तीन वाटांनी यायचे. ते निस्तरता निस्तरता दर शनिवारी त्याची उमरेडची शेवटची एस.टी. हुकायची.

"कमी खटपटीची वाट कोनती, ते हुडकून काढ गा," अध्यक्ष मारोतराव एकदा म्हणाले. "तेवढी एकच ठेवू, अन् तुले उमरेडच्या शाखेत धाडू."

शालिकराम हुरूपानं महिनाभर हेलपाटे मोजत राहिला. व्ही.पी.ला लाखेच्या मोहरांपासून पोस्टाच्या रांगेपर्यंत अकरा कामं निघाली, ड्राफ्टला नऊ. मनिऑर्डरला मात्र एकच: पोस्टमन दारात आला की सही करायची. झालं! मनिऑर्डर ठरली. सोसायटीतर्फे पैसे कोण घेणार ते नोंदवायच्या पोस्टाच्या कागदावर त्यानं घाईघाईत स्वतःचंच नाव घातलं, सहीचा नमुना दिला आणि खोलीवर जाऊन ट्रंक भरली.

सोमवारी तो बदलीचा अर्ज घेऊन उभा राहिला. मारोतरावांनी त्याला खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि अर्ज घडी करून त्याच्याच खिशात ठेवला.

"मी बी तुह्यासारखंच मोजून पाह्यलं गा. पोस्टातली सही बदलाची तं सात खटपटी. तुले इथंच ठेवाचं तं एकबी नाही."