बाना-लुबुतो

लुसाकातल्या त्या वस्तीत बाईला लेकराच्या नावानं हाक मारतात. लुबुतो जन्मली आणि म्वापेची बाना-लुबुतो झाली, म्हणजे लुबुतोची आई. या नावाचा तिला कोण तोरा! बाळंतपणाची रजा संपली, तसं तिनं साहेबांनाही ठणकावलं, "घरी लेक माझ्या पाठीवर असते. ती पाठीवर असेपर्यंत मी फोनला हात लावणार नाही."

शब्दाची मात्र पक्की. फोन वाजला की आधी बाळ पाठीशी बांधायच्या कापडाची, चितेंगेची, गाठ सोडायची, लेकीला सासूच्या पाठीवर बांधायची, आणि मगच फोन उचलायची. "एकच मिनिट हं, मायो!" सासूला ती मायो म्हणायची, म्हणजे आई.

काल शेजारी नवी बिऱ्हाडकरू आली. म्वापे दारात फोनवर बोलत होती. अंगणात सासू पाठीवरच्या बाळाला झुलवत भाजी निवडत होती.

"गोड आहे हो! नाव काय बाळाचं?"

"लुबुतो."

नव्या शेजारणीनं अदबीनं गुडघे वाकवले. "मग नमस्कार, बाना-लुबुतो!"

सासू खुदकन हसली. "अगं, मी आजी हिची."

"मग आई कुठंय?"

सासूनं दाराकडे हनुवटी केली.



"ती काय. पण तिला हाक मारायची, तर बाना-फोन म्हण. ओ देईल."