सरकी

विमानाच्या शेपटीवर रंगवलेलं हार्जोनोचं नाव वाळत होतं. कुस्नादी मिस्त्री आत नवं आसन बसवत होता. शेजारच्या ओंडक्यावर म्हातारी मुर्सिनाह येऊन बसली होती.

डोंगरात सापडलेलं हे विमान डचांशी झालेल्या लढाईतलं. त्या दिवशी अशी दोन विमानं उडाली आणि एकही परतलं नाही. एक ताडमाड हार्जोनोचं, दुसरं मुर्सिनाहच्या नवऱ्याचं, पार्मादीचं. हार्जोनो हुतात्मा ठरला, त्याच्या नावाचा रस्ता झाला. पार्मादी फितूर झाला, हॉलंडात गोरी बायको करून राहिला, असं कुणीतरी उठवलं आणि तेच खरं झालं. नंबराची पट्टी भंगारवाल्यांनी कधीच उचकटून नेली होती. मग संग्रहालयाच्या साहेबांनीच ठरवून टाकलं, विमान हार्जोनोचं. पळपुट्याचं विमान प्रदर्शनात कोण ठेवणार?

मुर्सिनाहला तेच हवं होतं. गावातल्या बायका दर गुरुवारी संध्याकाळी आपल्या मेलेल्या माणसांसाठी फुलं आणि कॉफीचा पेला ठेवत. हिने कधी ठेवला नाही. जित्या माणसाला कॉफी ठेवतात का, म्हणायची आणि हॉलंडातल्या नवऱ्याला मनसोक्त शिव्या घालायची. आजही ती फक्त विमान हार्जोनोचंच असल्याची खात्री करून घ्यायला आली होती.

नवं आसन बघून तिला हसू आलं.

"एवढ्या खाली बसून आमच्या बुटक्याला ढग तरी दिसले असते का?" ती म्हणाली. "मी उशी शिवून दिली होती, सावरीच्या कापसाची. घाईत सरकी काढायची राहिली. टोचते म्हणून मेला कुरकुरतच गेला. म्हटलं, या परत, मग काढून देते."

कुस्नादीचा हात थांबला. विमान सापडलं तेव्हा आसनातून एक झाड वर गेलेलं होतं. बुंध्याने आसनाची चौकट गिळून टाकली होती. ते कापल्याशिवाय विमान निघेना. त्या अख्ख्या डोंगरात तसलं दुसरं झाड नव्हतं, याचं तेव्हा सगळ्यांना नवल वाटलं होतं.

तो खाली उतरला.

"ईबू, तुम्ही ज्यावर बसलाय ना, ते सावरीचं लाकूड आहे. याच विमानाच्या आसनातून उगवलेलं."

मुर्सिनाहने खाली पाहिलं. ओंडक्यातून गंजक्या लोखंडाचं एक टोक बाहेर आलं होतं. त्यावरून ती बराच वेळ हात फिरवत राहिली. तिला फार एकटं वाटलं. मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली.

"आज गुरुवार ना रे?"

कुस्नादीने मान हलवली.

"मग निघते," ती म्हणाली. "घरात कॉफी नाही."