ओल्या वाळूतली रेघ

थंडीतल्या संध्याकाळी किहीमच्या किनाऱ्यावर नवरा पुढे, वेणू रीतीप्रमाणे चार पावलं मागे चालली होती. लग्नाला महिना झाला तरी तिनं त्याला दिवसाउजेडी नीट पाहिलं नव्हतं, म्हणून ती त्याच्या पाऊलखुणा न्याहाळू लागली. डावं पाऊल सुबक उमटलेलं, उजव्यामागे मात्र दरवेळी ओढत गेलेली रेघ. घरात कधी कळलं नव्हतं. ओल्या वाळूनं चहाडी केली. सासरच्यांनी लपवलं होतं तर! घरात हे किती जपून चालत असतील बाई! तेवढ्यात भेटीला आलेले तिचे तापट वडील मागून येऊ लागले. रेघा दिसल्या तर आजच माहेरी नेतील. वेणू मुद्दाम पाय ओढत एकेक रेघ पुसत निघाली. "वेणे, लंगडतेस का गं?" "शिंपला रुतला, आप्पा!" नवरा थबकला. वळून त्यानं पुसलेली वाळू पाहिली. मधली चार पावलं त्यानंच मागे येऊन संपवली.