बंदरावरचा नारळ

अभिमन बदली होऊन कोकणात बंदरावर गेला, त्या वर्षी नारळी पुनवेला कोळ्यांनी नवा माणूस म्हणून पहिला नारळ वाहायचा मान त्यालाच दिला. पुढच्या श्रावणात तो कानबाईच्या सणाला खानदेशात घरी, भडगावला निघाला, तेव्हा शेजारच्या कोळणीने देवीसाठी दिलेला नारळ त्याने एस.टी.त मांडीवर सांभाळत आणला.

"मासा इकनारीना हातना नारळ आईले चालाव नही," म्हणत थोरल्या काकांनी, नानांनी, नाक दाबलं आणि तो गोठ्यातल्या शेणात भिरकावला.

आरती झाल्यावर भाऊबंदांसमोर नानांनी दुकानातला नारळ फोडला. तो इतका कुजका निघाला, की बायकांनी तोंडाला पदर लावले.

नाना अभिमनच्या कानाशी लागले.

"शेनमधला तो नारळ धुईसन लई ये. कोनले सांगू नको."