कपाटातून बुधवारी

आप्पांनी धाकूला पत्र्याच्या कपाटात कोंबलं आणि बाहेरून कडी घातली.

"हलू नकोस मेल्या! वायर तुटली तर बुधवार चुकेल नि शिवरात्रीला पोचशील."

"आप्पानू, आधी घासभर भात तरी..."

"भात मागाहून. गावकर चिंचेखाली आलाय माणसं घेऊन."

प्रकरण तसं लहान नव्हतं. पावसच्या अलीकडच्या त्या वाडीत हंगामातले पहिले पाच हापूस देवापुढे ठेवल्याशिवाय कुणी आंब्याला तोंड लावत नाही. बुधवारी भर दुपारी, सगळी वाडी मासे-भात जेवून आडवी झाली असताना, ते पाचही गेले. देवापुढे चाटूनपुसून लख्ख केलेले बाठे तेवढे उरले. गुरवानं कौल लावला. धाकूचं नाव घेताच देवाची उजवी पाकळी टपकन पडली, म्हणजे देवाचा होकारच. त्यात सोनूबाईनं धाकूला देवळातून बाहेर पडताना आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं.

धाकू त्या वेळी लांज्याच्या एसटी थांब्यावर उभा होता. तिकीटही होतं, पण त्यानं ते कान कोरून फेकून दिलं होतं.

वाडीचा कारभार बघणाऱ्या बाबल्या गावकरानं निकाल दिला. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत खरा चोर दाखव, नाहीतर शिमग्यात पालखीला खांदा नाही. अठरा वर्षं धाकू पुढच्या खांद्याला होता. तो मान आता गावकराच्या जावयाला जाणार, ज्याला साधं सुपलं नाचवता येत नाही! धाकूच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात कुणीतरी दोरखंड आणा म्हणालं, तसा तो जो पळाला तो चिरेखाणीत. दोन दिवस खाणीतलं पाणी पिऊन काढले. शुक्रवारी दुपारी देवळापाठच्या आप्पांच्या पडवीत शिरला.

आप्पा म्हणजे मिरजोळ्याला कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर भंगारातून त्यांनी हे कपाट उभं केलं. जीपचा डायनामो, रेडिओचे दिवे आणि आणखी कायकाय. कपाट बरोबर दोन दिवस मागं जातं आणि तासाभरानं आपोआप परत येतं. पुढं जात नाही, गिअर अडकलाय. ज्याला पटत नसेल त्यानं आप्पांच्या कोंबडीला विचारावं. गुरुवारी आत घातली, ती मंगळवारचं अंडं घालून आली.

कपाट घरघरलं. बुधवारच्या कपाटाला कडी नव्हती; दार ढकललं तेव्हा बाहेर बुधवारची दुपार होती आणि पडवीत बुधवारचे आप्पा घोरत होते. धाकू त्यांना ओलांडून देवळात शिरला आणि ढोलाच्या आड दबा धरून बसला.

पाचही आंबे जाग्यावर होते.

"देवा, तू माझं नाव घेतलंस," धाकू कुजबुजला. "आता बघच, कोणाची मानगूट धरतो ती."

चोर येईना. एक मांजर आलं, वास घेऊन गेलं. वाडी गाढ झोपली होती. गाभाऱ्यात नुसता घमघमाट सुटला होता. धाकूच्या पोटात असा काही आवाज झाला, की ढोल आपणहून वाजला असं त्याला वाटलं. अर्धा तास गेला. तरी चोराचा पत्ता नाही.

धाकू जरासा पुढं सरकला. आंबे नीट नजरेत राहावेत म्हणून.

शुक्रवारी आप्पांनी कडी काढली, तेव्हा पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांत पुढं बाबल्या गावकर, हातात दोरखंड.

"काय रे धाक्या, कपाटात चोर शोधत होतास?"

धाकू बाहेर आला. गेला तेव्हा त्याचे गाल बसलेले होते. आता चेहऱ्यावर तजेला होता आणि मिशी पिवळीधमक. आप्पांनी एकदा मिशीकडं पाहिलं आणि डोक्याला हात लावला.

"चोर दिसला का नाय?" गावकर गरजला.

"दिसला हो." धाकूनं देवळाच्या दिशेनं हात जोडले. आलेला ढेकर कसाबसा परतवला. "गावकर, यंदा पुढचा खांदा तुमच्या जावयालाच द्या."