भोक कुठे गेलं?

भोक काही सापडेना.

सूनबाई मोबाइल रोखून उभी होती आणि सासरे राखाडी कोटाची बाही खिडकीच्या उजेडात धरून धुंडाळत होते. चष्मा कपाळावर चढवून झाला, पुन्हा नाकावर आणून झाला. कालपर्यंत त्या बाहीला कोपरापाशी बोट जाईल एवढं भोक होतं. कोटाच्याच आतल्या शिवणीतले धागे उपसून, एकेक धागा खाली-वर ओवत त्यांनीच ते रफू केलं होतं. आणि आता या गृहस्थांना आपलंच काम सापडत नव्हतं.

"बाबा, आधीचा फोटो आहे माझ्याकडे. आता नंतरचं दाखवायचंय. रफू केलंय तिथे फक्त बोट ठेवा."

"ठेवतो की! कुठे ठेवू तेवढं सांग."

"डावी बाही होती ना?"

"डावीच," सासरे म्हणाले आणि हळूच उजवीही पाहून घेतली.

सून खो खो हसत सुटली. मोबाइलवर व्हिडिओ अर्थातच चालू होता.

खरं तर हसण्याचे दिवस नव्हते. कपडा फाटला की लोक नवा घेत होते आणि रफूच्या दुकानाकडे कुणी फिरकत नव्हतं. महिनाअखेरीला दुकान बंद करायचं, असं मुलाने ठरवून टाकलं होतं. सामान भरायला त्याने आणलेली रिकामी खोकी कोपऱ्यात रचूनही ठेवली होती. एवढा एक महिना सुनेने हट्टाने मागून घेतला होता. तुम्ही इथे आहात हे लोकांना कळायला तरी हवं, हे तिचं म्हणणं. रफू कुणाला कळू नये म्हणून जन्मभर डोळे फोडले, त्याची जाहिरात कशी करणार, हे सासऱ्यांचं. पण पोरीच्या उत्साहावर विरजण नको, म्हणून ती सांगेल तसे ते मोबाइलसमोर उभे राहत.

दुसऱ्या दिवशी सून दुकानात आली ती तोंड पाडूनच.

"व्हिडिओ काढून टाकते, बाबा. लोक वाट्टेल ते लिहितात."

"काय लिहितात?"

"हा म्हणतो, फेक आहे. हा म्हणतो, दोन वेगळे कोट आहेत. आणि हा फुलाचा फोटोवाला, काही फाटलेलंच नव्हतं म्हणे, म्हातारा नाटक करतोय!"

सासऱ्यांनी सुई खाली ठेवली.

"हे शेवटचं परत वाच."

"म्हातारा नाटक..."

"त्याच्या आधीचं गं."

"काही फाटलेलंच नव्हतं."

सासऱ्यांचा चेहरा खुलला. गिऱ्हाइकं कपडा उलटसुलट करून बघायची, "बरं झालंय" म्हणायची आणि चालायला लागायची. असं तोंडभरून कौतुक त्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

"काढू नकोस काही. त्याला लिही, आभारी आहोत. आणि फाटलेलं काही असेल तर घेऊन या म्हणावं."

सुनेने ते तस्सं लिहिलं. लोकांना त्या उत्तराचीच गंमत वाटली. तो व्हिडिओ या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरत राहिला, आणि खरं-खोटं करायला माणसं पिशव्या घेऊन दुकानाची पायरी चढू लागली. कुणी शाल आणली, कुणी लग्नातला सूट. ठेवायला जागा पुरेना, तेव्हा मुलाने मुकाट्याने कोपऱ्यातली खोकी उघडून दिली.

एके दिवशी एक ढेरपोटे गृहस्थ निळं जाकीट घेऊन आले.

"तो फुलाचा फोटोवाला मीच," ते जरा ओशाळून म्हणाले. "पण हे मात्र खरंच फाटलंय हं. खिळ्याला अडकून टरकलं."

आठवड्याने ते जाकीट न्यायला आले. घडी मोडून त्यांनी ते खिडकीपाशी नेलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं, आतलं अस्तरसुद्धा चाचपलं. सुनेने मोबाइल केव्हाच रोखला होता. सासरे मात्र सुईत दोरा ओवण्यात इतके दंग, की जणू दुकानात कुणी नव्हतंच.

शेवटी गृहस्थांनी जाकिटाची नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवून दिली.

"अहो, अदलाबदल झालीय वाटतं," ते म्हणाले. "हे माझं नाही. माझं फाटकं होतं."